नखांवरचा लाल आणि निवडुंगावरची कीड

सांगलीहून जतच्या दिशेने जाताना कवठे महांकाळच्या पुढे पाऊसमान घटत जाते आणि बांधांवर फड्या निवडुंग दिसू लागतो. त्याच्या फड्यांना पुष्कळदा कापसासारखे पांढरे पुंजके चिकटलेले असतात. असा एखादा पुंजका खरवडून बोटांत चिरडला, की बोटे जांभळट लाल होतात. त्या मेणचट पांढऱ्या आवरणाखाली झाडाचा रस शोषत बसलेली बिनपंखी मादी कीड असते आणि मुंग्यांसारख्या शत्रूंना दूर ठेवण्यासाठी तिने अंगात साठवलेले कार्मिनिक आम्ल म्हणजेच तो लाल रंग. बेसुमार फोफावलेल्या निवडुंगाला आवर घालण्यासाठी ही कीड १९२६ मध्ये श्रीलंकेतून भारतात आणण्यात आली. तिचीच चुलत बहीण असलेली कोचिनील कीड पेरू देशात निवडुंगावर मुद्दाम पोसली जाते. एक किलो सुके कोचिनील मिळवण्यासाठी साधारण दीड लाख किडे लागतात आणि त्यांच्या अर्कापासून कार्मिन हा रंग तयार होतो.

हे कार्मिन लिपस्टिकमध्ये आणि काही नेलपॉलिशमध्ये वापरले जाते, म्हणून नखांवरच्या रंगात प्राण्यांपासून मिळालेले काय काय असते, हा प्रश्न पडतो. नेलपॉलिशचा गाभा असलेले नायट्रोसेल्युलोज मात्र कापसापासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून बनते, आणि बहुतेक स्वस्त लाल छटा कृत्रिम रंगद्रव्यांच्या असतात. म्हणजे प्राणिजन्य भाग असलाच, तर तो रंगात, चमकेत किंवा पूरक घटकांत असतो.

त्यातली चमक अधिक रंजक आहे. मासळीच्या खवल्यांना रुपेरी झळाळी येते ती ग्वानिनच्या पातळ, सपाट स्फटिकांमुळे. ते आरशांच्या थरांसारखे प्रकाश परतवतात. हेच ग्वानिन आपल्या डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक आहे. त्याचे नाव ग्वानो, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेवरून पडले, हे मोतिया नेलपॉलिश लावणाऱ्याला सांगावे की नाही, हा प्रश्न निराळा. आता ही चमक बहुधा अभ्रकाच्या पत्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर देऊन आणली जाते.

नखे बळकट करणाऱ्या द्रवांतले केराटिन हे प्रथिन खूर, शिंगे, पिसे किंवा लोकरीतून काढतात. नखांच्या मुळाशी असलेल्या त्वचेला लावायच्या क्यूटिकल क्रीममध्ये लोकरीतील लॅनोलिन आणि मधमाश्यांचे मेण आढळते. पार्लरमध्ये ‘शेलॅक’ नावाने लावले जाणारे एक जेल पॉलिश मात्र गैरसमज करून देते: ते केवळ व्यापारी नाव असून त्यात किड्यांपासून मिळणारी लाख नसते.

सांगलीच्या हरभट रोडवरच्या दुकानात बाटली हातात घेतल्यावर समोर छापलेल्या ‘व्हेगन’ (प्राणिजन्य घटक नसलेले) या शब्दापेक्षा मागची बारीक अक्षरे वाचावीत, असे माझे मत आहे. सी.आय. म्हणजे ‘कलर इंडेक्स’, रंगद्रव्यांची क्रमांकवार यादी. तिच्यात सी.आय. ७५४७० म्हणजे कार्मिन आणि सी.आय. ७५१७० म्हणजे ग्वानिन. ७७०१९ हा अभ्रकाचा, तर ७७४९१ हा लोहाच्या लाल ऑक्साइडचा क्रमांक आहे. हिरव्या ठिपक्यावर विसंबणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की खाद्यपदार्थांच्या नियमांतही तो ठिपका दूध, मध, मधमाश्यांचे मेण आणि लाख यांना मुभा देतो. ‘प्राण्यांवर चाचणी केलेली नाही’ हे विधानही वेगळे आहे, कारण ते चाचणीबद्दल सांगते, घटकांबद्दल नाही. ‘व्हेगन’ बाटलीत द्रावके तीच असतात, त्यामुळे खिडकी उघडी ठेवूनच नखे रंगवावीत.

क्रमांक पाहूनही एक अडचण उरते. रंगद्रव्य तळाशी बसू नये म्हणून घातल्या जाणाऱ्या स्टिअरॅल्कोनियम हेक्टोराइटमधला स्टिअरिक भाग पामतेलापासून बनतो, तसाच जनावरांच्या चरबीपासूनही बनतो, आणि तयार रेणू दोन्ही उगमांतून हुबेहूब तोच मिळतो. लेबल त्याचा उगम सांगत नाही; तो कंपनीला लेखी विचारूनच कळतो.