फर्माला चकवणारी संख्या: ४,२९,४९,६७,२९७

२ चा ३२ वा घात आणि वर १. चारशे एकोणतीस कोटींची ही संख्या मूळ आहे की नाही, म्हणजे १ आणि स्वतःखेरीज तिला कशानेच भाग जात नाही का, हा प्रश्न सुमारे नव्वद वर्षं लोंबकळत राहिला.

सुरुवात १६४० ची. पिएर द फर्मा हा पेशाने कायद्यातला, पण जीव रमायचा संख्यांत. २ च्या घातात १ मिळवायचा, आणि घातांकही २ चाच घात घ्यायचा, अशी एक रांग त्याने मांडली: ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचही मूळ संख्या. मग पुढच्याही सगळ्या मूळच असणार, असं त्याने पत्रांतून कळवून टाकलं. सिद्धता हाती नाही, हेही प्रांजळपणे लिहिलं. रांगेतली सहावी संख्या हीच.

१७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाख या गणितज्ञाने ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला पत्रातून याबद्दल छेडलं. बावीस वर्षांच्या ऑयलरने आधी ते फारसं मनावर घेतलं नाही. १७३२ मध्ये मात्र त्याने निकाल लावला: ६४१ × ६७,००,४१७. फर्माचं विधान पहिल्याच न तपासलेल्या संख्येवर कोसळलं!

६४१ हाताशी लागला तो नशिबाने नव्हे. या संख्येचा कुठलाही मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्तच असावा लागतो. ऑयलरने पुढे हे रीतसर सिद्धही केलं. या चाळणीतून १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ उरतात. म्हणजे पाचवाच भागाकार निःशेष जातो.

गंमत अशी, की ही संख्या उघडी पाडणारं हत्यार फर्माचंच होतं. त्याचं छोटं प्रमेय सांगतं: मूळ संख्या घ्या, तिच्या पटीत नसलेल्या कुठल्याही पायाचा 'त्या संख्येतून १ वजा' इतका घात करा, तिने भागा, बाकी १ च उरते. पाया २ घेतला तर आपली संख्या या परीक्षेत बिनबोभाट पास होते, कारण तिची घडणच २ च्या घातांतली. पाया ३ घेतला की पितळ उघडं. फर्मा २ वरच विसंबला असावा, अशी माझी आपली शंका.

१७९६ मध्ये गाउस या गणितज्ञाने पट्टी आणि कंपास वापरून सुसम सतराभुज (सगळ्या बाजू आणि कोन सारखे असलेली सतरा बाजूंची आकृती) काढता येतो हे दाखवलं, आणि या रांगेला भूमितीत मान मिळाला. बाजूंची संख्या विषम मूळ असेल, तर ती याच रांगेतली असल्याशिवाय तसा सुसम बहुभुज काढता येत नाही. आपली संख्या त्या मानाला मुकली. दोनने लहान असलेली तिची शेजारीण ४,२९,४९,६७,२९५ मात्र फर्माच्या पाचही मूळ संख्यांचा गुणाकार आहे, म्हणून तितक्या बाजूंचा बहुभुज तत्त्वतः काढता येतो. संगणकाच्या ३२ बिटांत, म्हणजे ० किंवा १ अशा ३२ अंकांत, मावणारी सर्वांत मोठी संख्याही तीच.

६५५३७ नंतर या रांगेत आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. घातांक २ चा २० वा घात असलेली संख्या तीन लाखांहून जास्त अंकांची आहे. ती मूळ नाही हे सिद्ध झालंय, पण तिचा एकही विभाजक अजून कुणाच्या हाती लागलेला नाही.