अंधुक सर्पिलांचं वजन

पेंचच्या जंगलाला लागून असलेल्या गावांत रस्त्यावरचे दिवे आता जमिनीकडे तोंड करून लावलेत. जानेवारी २०२४मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, ती या अंधारामुळेच. चैत्रात तिथे रात्री अकराच्या सुमारास वर पाहिलं, तर उत्तरा फाल्गुनी आणि स्वाती या दोन ठळक ताऱ्यांमध्ये बराच पट्टा रिकामा वाटतो. तो रिकामा नाही. तिथेच, सव्वाशे कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास, मॅलिन-१ ही सर्पिल दीर्घिका, म्हणजे वळणदार भुजा असलेली ताऱ्यांची आणि वायूची प्रचंड तबकडी, आहे. तिची तबकडी आपल्या आकाशगंगेच्या कित्येक पट मोठी, पण इतकी फिकी की रात्रीच्या आभाळाचा स्वतःचा मंद उजेडही तिच्याहून जास्त भरतो. म्हणून १९८६पर्यंत ती कुणाच्या लक्षातच आली नव्हती.

फिकी म्हणजे हलकी, असं मात्र समजू नये. तिच्यात सहा हजार कोटींहून जास्त सूर्यांच्या वजनाइतका हायड्रोजन वायू आहे! हे कळतं रेडिओ दुर्बिणीने. हायड्रोजनचा एकटा अणू सरासरी एक कोटी वर्षांतून एकदाच २१ सेंटिमीटर लांबीची लहर सोडतो; पण अणूच इतके अफाट की संदेश सतत येत राहतो. संदेश किती जोरकस आहे आणि दीर्घिका किती लांब आहे, यावरून वायूचं वजन निघतं.

मग एवढ्या वायूचे तारे का झाले नाहीत? मृगात आभाळ भरून येतं, पण ढग विरळ असले की थेंब पडत नाही, हे आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला सांगायला नको. तसंच इथे. वायू खूप आहे, पण पसरलेला. दाटून आल्याशिवाय तारा बनत नाही.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती पुढची पायरी. तबकडीची एक बाजू आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते. त्यामुळे लहरीची लांबी किंचित बदलते आणि फिरण्याचा वेग मिळतो. मध्यापासून एक लाख प्रकाशवर्षांवरचा वायू सेकंदाला २०० किलोमीटरने फिरत असेल, तर त्याला धरून ठेवायला आत सुमारे २८ हजार कोटी सूर्यांचं वजन हवं. अंधुक सर्पिलांमध्ये तारे आणि वायू मिळून अशा वजनाचा लहानसा हिस्साच भरतो. उरलेलं वजन डार्क मॅटरचं, म्हणजे दिसत नाही पण ओढ मात्र जाणवते अशा कृष्णद्रव्याचं, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. ठळक दीर्घिकेत ताऱ्यांच्या वजनाचा अंदाज थोडा चुकला, तरी हा हिशेब बिघडतो. इथे तारेच कमी, म्हणून कृष्णद्रव्य कसं पसरलंय हे तपासायला शास्त्रज्ञ मुद्दाम अशा अंधुक दीर्घिका निवडतात.