बॅरल कुठलं? अमेरिकेतल्या रायफल किट्सच्या बाजाराची पार्श्वभूमी

अमेरिकेत घरी रायफल जुळवणारा माणूस एकाच रोमेनियन किटच्या (मोडलेल्या लष्करी रायफलीच्या सुट्या भागांच्या संचाच्या) दोन जाहिराती शेजारी ठेवून बघतो, तेव्हा किमतीतल्या मोठ्या तफावतीचं उत्तर बहुतेक वेळा एका ओळीत असतं: 'मूळ बॅरलसह', म्हणजे मूळ नळीसह. असं किट साधारणपणे २००५ संपायच्या आत देशात येऊन पडलेलं असतं. त्यानंतर आलेल्या किटमधून बॅरल काढलेलं असतं. विकणारा त्या जागी अमेरिकी बॅरल देतो, नाहीतर घेणाऱ्याने ते वेगळं शोधायचं. किट कुणाकडून घ्यावं, दुकानदार कितपत भरवशाचा, भागांवरचे क्रमांक जुळतात का, या नेहमीच्या चर्चेतली बरीच डोकेदुखी २००५ च्या एका सरकारी निर्णयातून आली आहे. तो निर्णय योग्य होता का, यावर वीस वर्षांनीही एकमत नाही.

मुळाशी १९६८ चा कायदा आहे. त्याआधीच्या १९३८ च्या केंद्रीय कायद्यात बंदुकीचा कुठलाही भाग बंदुकीच्याच व्याख्येत यायचा. प्रत्येक स्क्रू-स्प्रिंगचा हिशेब ठेवणं व्यवहारात जमण्यासारखं नव्हतं, म्हणून १९६८ मध्ये व्याख्या आकसली: फ्रेम किंवा रिसीव्हर (घोडा, बोल्ट, चापाची यंत्रणा ज्यात बसते तो सांगाडा) म्हणजे बंदूक, उरलेला सगळा सुटा माल. चाप, घोडा, बोल्ट, दस्ता टपालाने मागवायला केंद्रीय कायद्याने ना परवाना लागे, ना चौकशी. (आपल्याकडे चित्र अगदी वेगळं आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्रांचे भाग आणि ती बनवायची यंत्रंही 'शस्त्रां'तच मोजली जातात, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. भारतातल्या वाचकाने हा बाजार इथे शोधू नये.)

त्याच कायद्याने परदेशी लष्करांच्या जुन्या रायफलींना दार लावून घेतलं. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हत्येत वापरलेली इटालियन लष्करी रायफल दुर्बिणीसकट १९.९५ डॉलरला टपालाने मागवलेली होती, हे तेव्हा कुणी विसरलेलं नव्हतं. आयात होणारी बंदूक 'क्रीडेसाठी योग्य' असली पाहिजे ही कसोटी तेव्हाची. १९८४ मध्ये संग्राह्य जुन्या शस्त्रांसाठी दार थोडं किलकिलं झालं, पण आधुनिक लष्करी रायफलींना कसोटी कायम राहिली.

१९८६ च्या दुरुस्तीत आपल्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली सगळ्यांना पाठ आहे: त्या वर्षीच्या १९ मेनंतर बनलेली किंवा आलेली मशीनगन सामान्य नागरिकाला घेता येत नाही. लष्करी स्वयंचलित रायफलीचा रिसीव्हर कायद्याच्या नजरेत स्वतःच मशीनगन ठरतो. तेव्हा तो तुकडे करून निकामी करायचा आणि उरलेले भाग खोक्यात भरून विकायचे, हा किटचा साचा त्यातून पक्का झाला. दुसरी गोष्ट बाजाराने फारशी मनावर घेतली नाही. ज्या बंदुकीच्या आयातीला परवानगी नाही, तिची फ्रेम, रिसीव्हर किंवा बॅरल आणणंही बेकायदा, असं एक वाक्य त्याच दुरुस्तीने कायद्यात घातलं.

१९८९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनमधल्या एका शाळेत पाच मुलं मारली गेली. हल्लेखोराच्या हातात चिनी बनावटीची एके-४७ जातीची रायफल होती. त्याच वर्षी ४३ प्रकारच्या अर्धस्वयंचलित रायफलींची आयात बंद झाली. अख्खी रायफल आणता येत नसेल तर भाग आणून इथे जुळवू, हा विचार बाजाराला सुचणारच होता. त्यावर १९९० मध्ये परदेशी भागांतून अशी रायफल जुळवायला मनाई करणारं कलम ९२२(आर) आलं आणि १९९३ च्या नियमाने त्याला आकडा दिला: वीस भागांची यादी, त्यातले दहापेक्षा जास्त परदेशी नकोत. किट विकणाऱ्याकडे चाप-घोड्याचा अमेरिकी संच, अमेरिकी पिस्टन, अमेरिकी मूठ असा जोडमाल का असतो, याचं उत्तर या यादीत आहे. यादीतले तीन भाग तर एकट्या मॅगझिनचे आहेत. म्हणजे अमेरिकी मॅगझिनसह हिशेबात बसणारी रायफल रोमेनियन मॅगझिन लावल्यावर हिशेबाबाहेर जाते, असा प्रसंग कागदावर शक्य आहे. नियम लिहिणाऱ्यांच्या डोक्यात हे आलं असेल असं वाटत नाही.

गंमत अशी की निर्बंध आवळले जात होते तेव्हाच माल सर्वांत स्वस्त झाला. वॉर्सा करार संपला, पूर्व युरोपातली सैन्यं लहान झाली, गोदामं रिकामी करायची होती. रोमेनिया, हंगेरी, पोलंड, बल्गेरिया, युगोस्लाव्हिया यांच्या एके जातीच्या रायफलींचे भाग ग्रीसमध्ये बुडवलेल्या अवस्थेत अमेरिकेत आले. पश्चिमेकडून बेल्जियन धर्तीच्या एफएएल, जर्मन धर्तीच्या जी-३, स्पेनच्या सेटमे आल्या. चांगलं रोमेनियन किट दोनशे डॉलरच्या आत मिळायचं, बॅरलसकट.

त्या काळी पुरवठादार म्हणजे आयातदार. त्याचं काम खोकी उतरवणं आणि बऱ्या-वाईटाची प्रतवारी करणं एवढंच. निवडताना लोक विचारायचे की प्रतवारी प्रामाणिक आहे का, बोल्ट आणि ट्रनियनवरचे (रिसीव्हरमधल्या, बॅरल बसवायच्या ठोकळ्यावरचे) क्रमांक एकच आहेत का. एफएएलवाल्यांना एक जादा प्रश्न होता: किट मेट्रिक मापाचं की ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन एल१ए१ चं इंची मापाचं? दोन्हींचे भाग सरसकट एकमेकांत बसत नाहीत. (आपल्या इशापूरच्या १ए१ ने, म्हणजे लष्कर आणि पोलिसांत 'एसएलआर' नावाने माहीत असलेल्या रायफलीने, दोन्ही धर्तींची सरमिसळ करून ठेवली आहे.)

आता २००५. जुलै महिन्यात बंदुकींचं नियमन करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने (एटीएफ) आयातदारांना खुलं पत्र लिहिलं. आयातीला मनाई असलेल्या बंदुकींची बॅरल यापुढे दुरुस्तीचा किंवा बदलीचा भाग म्हणूनही येणार नाहीत, आणि आधी दिलेल्या परवान्यांवरचा माल वर्षअखेरपर्यंतच उतरवता येईल, असा त्याचा आशय. आधार कुठला? तेच १९८६ चं वाक्य. नवा कायदा झाला नव्हता, निवडून आलेल्या कुणी मतदान केलं नव्हतं. एकोणीस वर्षं समोर असलेलं वाक्य यंत्रणेने वेगळ्या तऱ्हेने वाचलं, एवढंच.

आयातदारांचा राग समजण्यासारखा होता. इतकी वर्षं हीच यंत्रणा बॅरलचे परवाने देत आली होती. देशात आधीपासून कायदेशीर असलेल्या रायफलींची बॅरल झिजतात, त्यांना सुटे भाग लागतात, आणि नुसतं बॅरल कुणावर झाडता येत नाही, हे त्यांचे मुद्दे. आणखी एक मुद्दा ते खासगीत मांडत: १९९४ ची लष्करी धर्तीच्या रायफलींवरची बंदी २००४ च्या सप्टेंबरमध्ये मुदत संपून गेली होती आणि अमेरिकी संसदेने ती वाढवली नव्हती. जे मतांनी झालं नाही ते पत्राने घडवलं, अशी त्यांची भावना होती. दोन घटनांचा संबंध होता असं सिद्ध करणारं काही पुढे आलेलं नाही, पण बाजारात आजही ती गोष्ट तशीच सांगितली जाते.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद छोटा आणि जड आहे. कायद्यात 'बॅरल' लिहिलं आहे. दुरुस्तीसाठी सूट लिहिलेली नाही. जी सूट कायद्यात नाही ती यंत्रणा देत होती, हाच मुळात घोळ होता. माझ्या मते यंत्रणेचं वाचन बरोबर होतं आणि वागणं अत्यंत बेफिकीर. एकोणीस वर्षं ज्या अर्थावर लोकांनी गोदामं भाड्याने घेतली, परदेशी सरकारांशी करार केले, तो अर्थ बदलायचा तर पाच-सहा महिन्यांची मुदत ही थट्टा आहे. शिवाय साध्य काय झालं? बॅरल अमेरिकेत बनवायला कुणाची आडकाठी नव्हती. ९२२(आर) च्या वीस भागांत बॅरल आहेच. म्हणजे परदेशी बॅरल गेलं आणि अमेरिकी आलं की परदेशी भागांचा आकडा आपोआप एकने उतरला. एका नियमाने घातलेला अडसर दुसऱ्या नियमाच्या सोयीचा ठरला.

वर्ष संपायच्या आत जितकं उतरवता येईल तितकं उतरवलं गेलं. ज्यांच्याकडे तो साठा राहिला त्यांना पुढची काही वर्षं दुसरं काही करायची गरज पडली नाही. बाकीच्यांचा धंदा मात्र पुरता बदलला. लष्करी रायफलीत बॅरल, ट्रनियन आणि बोल्ट कारखान्यात एकमेकांशी जुळवलेले असतात. नंतरच्या किट्समध्ये काहींनी बॅरल उपसून काढलं, काहींनी ट्रनियनपुढे कापून बुंधा तसाच ठेवला. बॅरल काढताना ट्रनियन दुखावला गेला आहे का, नव्या बॅरलचं हेडस्पेस (बोल्टच्या तोंडापासून काडतूस जिथे अडतं तिथपर्यंतचं अंतर) कुणी तपासलं आणि त्याची जबाबदारी कुणाची, हे प्रश्न २००५ आधी घेणाऱ्याला पडतच नव्हते. आयातदार, बॅरल बनवणारा आणि जुळवून देणारा अशी तीन माणसं झाली आणि खोट निघाली की तिघं एकमेकांकडे बोट दाखवू लागले. पुरवठादाराच्या निवडीला आज जे महत्त्व आहे ते बहुतांशी इथून सुरू होतं. अमेरिकी बॅरलचा दर्जा पहिल्या काही वर्षांत फारच कमी-जास्त होता. नंतर सुधारला, आणि किमतीही चढल्या.

दरम्यान 'किट' या नावाखाली दुसराच माल येऊन बसला होता. तो परदेशी नव्हता, जुना नव्हता, कुठल्या सैन्याचा नव्हता. एआर-१५ रायफलीच्या धर्तीचे नवेकोरे अमेरिकी भाग आणि सोबत अर्धवट घडवलेला रिसीव्हर. व्यापारात त्याला '८० टक्के' म्हणतात. कायद्यात असा कुठला टक्का नाही. तेवढा तयार झाल्यावर तो अजून 'रिसीव्हर' होत नाही, असा विकणाऱ्यांचा दावा. त्यावर अनुक्रमांक नसे, विकताना चौकशी नसे. व्याख्या जुनी असल्याने न्यायालयातही पंचाईत व्हायची. १९७० च्या दशकातल्या नियमात रिसीव्हर म्हणजे घोडा, बोल्ट आणि चापाची यंत्रणा सामावणारा भाग असं म्हटलेलं, तर एआर-१५ मध्ये हे दोन वेगळ्या तुकड्यांत विभागलेलं. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका खटल्यात न्यायाधीशांचा कल विरोधात असल्याचं कळताच सरकारने आरोपीशी तडजोड करून ते प्रकरण मिटवलं.

२०२२ च्या एप्रिलमध्ये नवा नियम प्रसिद्ध झाला आणि २४ ऑगस्टपासून लागू झाला: सहज पूर्ण करता येईल असं शस्त्र-किट म्हणजे बंदूकच, तिला अनुक्रमांक हवा आणि विकणाऱ्याला परवाना. टेक्सासमधल्या न्यायालयाने २०२३ मध्ये तो रद्द ठरवला, सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि २६ मार्च २०२५ रोजी ७ विरुद्ध २ मतांनी नियम कायद्यात बसतो असं सांगितलं. निकालात आयकियाच्या टेबलाचं उदाहरण आहे: घरी नेऊन तासन्‌तास जोडायचं असलं तरी माणूस 'टेबल घेतलं' असंच म्हणतो. पण निकाल नियमावर सरसकट घेतलेल्या आक्षेपापुरता आहे. अमुक एक किट त्यात येतं का, हे प्रकरणागणिक लढायला जागा उरली आहे.

परदेशी लष्करी किट, ज्यात रिसीव्हर एक तर नाहीच किंवा निकामी तुकड्यांच्या रूपात आहे, ते या नियमाच्या कक्षेत येत नाही. तरी २०२२ नंतर अनेकांनी दोन्ही प्रकार एकत्र करून घाबरून खरेदी केली आणि विकणाऱ्यांनी तो गैरसमज दूर करण्याची फारशी घाई दाखवली नाही.

राज्यांचे कायदे त्याहून पुढे गेले आहेत. कॅलिफोर्नियात २०१६ च्या कायद्यानुसार जुलै २०१८ पासून घरी बनवलेल्या बंदुकीलाही राज्याकडून अनुक्रमांक घ्यावा लागतो. न्यू जर्सीने २०१८ मध्ये अनुक्रमांकाविना बंदूक बनवण्यासाठी भाग विकत घेणं हाच गुन्हा केला. त्यामुळे बरेच पुरवठादार काही राज्यांतली मागणी घेतच नाहीत. ज्या पुरवठादाराच्या जाहिरातीत अशा राज्यांची नावं नाहीत, त्याने कायदा वाचलेला नाही, किंवा वाचून ती जोखीम घेणाऱ्यावर ढकलली आहे.