ठाणे खाडीतील पक्षीनिरीक्षण

ठाणे खाडीतील पक्षीनिरीक्षण : मुंबई आणि नवी मुंबईच्या मधल्या खाडीत, तिच्या चिखलाणीवर व कांदळवनाच्या कडेला पाणपक्षी पाहण्याचा, ओळखण्याचा आणि मोजण्याचा छंद. हा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो, पण त्याची खरी बहार माघ-फाल्गुनात असते. मुंबईत वसंत शोधायचा तर सावर-पळसाआधी खाडीचा चिखल पाहावा, असे जुने पक्षीमित्र सांगतात, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यानचा खाडीचा पट्टा 2015 मध्ये ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ म्हणून घोषित झाला. क्षेत्र सुमारे 1,690 हेक्टर. त्यातला निम्म्याहून अधिक भाग तिवरांचा. मालवणनंतरचे हे राज्यातले दुसरे सागरी अभयारण्य. 2022 मध्ये खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळीचा दर्जा मिळाला. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर महाराष्ट्रातली ही तिसरी. शिवडीची चिखलाण अभयारण्याच्या हद्दीबाहेर, दक्षिणेला आहे. मुंबईकरांना रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, प्रथम भेटले ते मात्र 1990च्या दशकात तिथेच.

इथे घड्याळापेक्षा तिथी महत्त्वाची. ओहोटीला पाणी इतके मागे सरते की पक्षी दूरवर ठिपक्यांसारखे दिसतात, आणि ऐन भरतीला चिखलच उरत नाही. कामाचे असतात ते पाणी चढतानाचे दोनेक तास. तेव्हा लाटेपुढे सरकत थवे आपण होऊन काठाशी येतात. कोळ्यांचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते : दशमीला साडेसात, चतुर्दशीला साडेदहा. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. तरी सकाळच्या फेरीसाठी पौर्णिमा-अमावास्येच्या आधीचे दिवस का निवडतात, हे त्यावरून कळते. शिवाय तेव्हा उधाणाची भरती असते, पाणी जास्त चढते. अष्टमीच्या आसपास भांगाचे, म्हणजे कमी चढ-उताराचे, पाणी मंद असते आणि पक्षी पांगलेले राहतात.

गर्दी खेचतो तो रोहित. लहान रोहिताची चोच गडद किरमिजी असते. मोठा रोहित उंच आणि फिकट, त्याची चोच गुलाबी व टोकाला काळी. दोघेही चोच उलटी करून पाणी गाळतात. पण लहान रोहिताचा भर सूक्ष्म शैवालावर, तर मोठ्याचा चिखलातल्या किड्या-कोळंब्यांवर. गुलाबी रंगही याच आहारातून येतो, म्हणून पिल्ले करडी दिसतात. शहराच्या सांडपाण्याने खाडीत पोषकद्रव्ये वाढली, शैवाल माजले, गाळाने चिखलाण पसरली आणि रोहितांचे फावले. हे गुलाबी वैभव शहराच्या घाणीवर पोसलेले आहे, ही गोष्ट कौतुकाच्या भरात सहसा कोणी बोलत नाही. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (स्थापना 1883) 2019 मधील मोजणीत रोहितांची संख्या लाखाच्या पुढे गेली होती.

मुरलेला निरीक्षक मात्र मार्चमध्ये दुर्बीण रोहितांवरून हलवतो. हिवाळाभर सगळेच चिखलपक्षी राखाडी-तपकिरी असतात आणि नवशिक्याला रडकुंडीला आणतात. परतीच्या प्रवासाआधी त्यांना विणीचा पिसारा येऊ लागतो. बाकदार चोचीची तुतारी विटकरी होते. लांब, सरळ चोचीच्या मळगुज्याच्या मानेवर तांबूस छटा चढते. तपकिरी डोक्याच्या कुरवाचे (सीगलचे) जानेवारीत पांढरे असलेले डोके आता कॉफीच्या रंगाचे होते. त्याची वीण लडाख, तिबेटकडच्या उंच तलावांवर व्हायची असते. एकाच थव्यात अर्धे बदललेले, अर्धे जुन्याच वेषातले पक्षी दिसतात, आणि ओळख पटवण्यातली गंमत तिथेच आहे. सैबेरियाकडे जाणारे पक्षी याच दिवसांत चरबी साठवतात. म्हणून होडी थव्यात घालून त्यांना उडवणे किंवा कुरवांना शेव-गाठिया घालणे, दोन्ही वाईट. फोटो मात्र त्याचेच जास्त निघतात.

जाण्याच्या जागा मोजक्या. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून भरतीच्या वेळा पाहून होड्या सुटतात. भांडुपच्या पंपिंग स्टेशनजवळच्या पाणथळीत शेकाटे, थापट्या बदके आणि वर घिरट्या घालणारा शिकारी पक्षी भोवत्या पायीच पाहता येतो. शिवडीला हार्बर रेल्वेच्या स्टेशनातून पूर्वेला उतरून, ट्रक-टँकरांच्या धुळीतून धक्क्यावर पोचावे लागते. तिथल्या चिखलाणीवरून गेलेला अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये खुला झाला. 8×42 ची (आठपट मोठे दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. शिवडीला तिपाईवरची दूरदर्शी असेल तर उत्तम. मळकट रंगाचे कपडे घालावेत, आणि डासांचे मलम विसरू नये.

गुढीपाडवा उलटला की चिखलपक्ष्यांची गर्दी झपाट्याने ओसरते. त्या वर्षी वीण न करणारी काही तरुण पाखरे मागे राहतात, तीही फिक्याच पिसाऱ्यात. रोहित मेअखेरपर्यंत रेंगाळतात आणि पावसाच्या तोंडावर बहुतेक कच्छच्या रणाकडे निघतात. त्यांचा लांबचा प्रवास मुख्यतः रात्री होतो, त्यामुळे त्यांचे जाणे सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही.