वॉकर: चालणारे नव्हेत, कापड तुडवणारे

वॉकर म्हणजे चालणारा, असं कुणालाही वाटेल. इंग्लंडमध्ये सर्रास आढळणारं हे आडनाव आलं मात्र लोकरीच्या धंद्यातून. जुन्या इंग्रजीत ‘वेल्कन’ या क्रियापदाचा अर्थ घोळणं, मळणं असा होता. ते काम करणारा तो वॉकर.

मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरळ आणि तेलकट असे. ते कुंडात भिजवायचं, वर शिळं मूत्र आणि एक खास माती टाकायची आणि अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवायचं. मूत्रातल्या अमोनियाने चिकटा सुटे, माती तो शोषून घेई, पायाखाली तंतू एकमेकांत गुंतत आणि कापड आटून घट्ट, उबदार होई. त्या घाणीत दिवसभर उभं राहण्याची कल्पना केली, की या आडनावामागचे कष्ट कळतात. १२व्या शतकापासून पाणचक्कीवरचे लाकडी हातोडे हे काम करू लागले, तरी नाव टिकलं. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत इंग्लंडमध्ये आडनावं वंशपरंपरागत झाली, तेव्हा ते घराण्यांना कायमचं चिकटलं.

एकाच कामाची तीन आडनावं झाली, हे मला फार मोलाचं वाटतं. उत्तरेकडे वॉकर, आग्नेयेला फुलर, नैर्ऋत्येला डेव्हन-सॉमरसेटकडे टकर. आडनावावरून मूळ मुलखाचा अंदाज बांधता येतो तो असा. आपल्याकडे मुलतानी मातीच्या पाकिटावर ‘फुलर्स अर्थ’ लिहिलेलं असतं, त्यातला फुलर हाच.

पुढे नाव दूरवर गेलं. स्कॉटलंडच्या किलमारनॉकमधले किराणा दुकानदार जॉन वॉकर यांचं नाव व्हिस्कीच्या बाटलीवर आलं. लुइझियानात १८६७ साली जन्मलेल्या सारा ब्रीडलव्ह यांचे आईवडील गुलामगिरीत राहिलेले. नवरा चार्ल्स वॉकर याचं आडनाव घेऊन त्या ‘मॅडम सी. जे. वॉकर’ झाल्या आणि कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केसांसाठीची उत्पादनं विकून त्यांनी मोठा उद्योग उभारला. छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांचं तर ते पहिलंच नाव.

आपल्या सगळ्यांत जवळचे वॉकर म्हणजे गिल्बर्ट. जन्म १८६८, लँकेशायरमधल्या रॉचडेलचा, म्हणजे लोकरीच्याच गावचा. १९०४ ते १९२४ भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असताना मान्सूनचा अंदाज बांधण्यासाठी त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे जुळवले. प्रशांत महासागरावरच्या ज्या वाऱ्यांच्या चक्राचा एल निनोशी संबंध आहे, त्याला १९६९मध्ये ‘वॉकर अभिसरण’ हे नाव मिळालं.