वशिल्याच्या तालमीत तयार झालेला राष्ट्राध्यक्ष

२० सप्टेंबर १८८१. रात्रीचे सव्वादोन. न्यूयॉर्कमधल्या लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर १२३ क्रमांकाच्या घरात दिवे जळत होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड काही तासांपूर्वी न्यू जर्सीत वारले होते. अशा अवेळी न्यायाधीश शोधायला माणसं धावली आणि जॉन ब्रेडी हे न्यायमूर्ती सापडले. त्यांच्यासमोर घरमालकाने, चेस्टर ॲलन आर्थर यांनी, राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. देशाला गारफिल्ड गेल्याचं दुःख होतंच, पण त्यांच्या जागी कोण बसतोय याची धास्ती त्याहून कमी नव्हती.

कारण आर्थर म्हणजे वशिल्याच्या यंत्रातला पक्का माणूस, हे सगळ्यांना ठाऊक होतं. उपाध्यक्ष होण्याआधी ते कधी कुठल्याही पदावर निवडून आलेले नव्हते. जे मिळालं ते नेमणुकीने मिळालं होतं.

सुरुवात मात्र वेगळी होती. जन्म १८२९ चा, व्हर्मांटमधला. वडील आयर्लंडहून आलेले बाप्टिस्ट धर्मोपदेशक, गुलामगिरीचे कट्टर विरोधक. मुलगा न्यूयॉर्कला येऊन वकील झाला. १८५४ च्या जुलैमध्ये एलिझाबेथ जेनिंग्ज ही कृष्णवर्णीय शिक्षिका चर्चला निघाली असताना तिला घोड्यांच्या ट्राममधून ओढून खाली उतरवण्यात आलं. तिचा खटला आर्थर यांच्या फर्मकडे आला आणि पंचविशीतल्या या वकिलाने तो लढवला. पुढच्या वर्षी निकाल तिच्या बाजूने लागला, २२५ डॉलर भरपाई मिळाली. शहरातल्या ट्राम सर्वांना खुल्या होण्याची वाट तिथून सुरू झाली. आर्थर यांनी पुढे काहीच केलं नसतं, तरी एवढ्यावर त्यांचं नाव टिकायला हवं होतं.

यादवी युद्धात त्यांनी न्यूयॉर्क राज्याच्या फौजेचा पुरवठा सांभाळला. राहण्या-खाण्याची सोय, कपडे, तंबू, कंत्राटं. व्यवस्थेत माणूस वाकबगार. युद्ध संपल्यावर हीच हुशारी त्यांनी सिनेटर रॉस्को कॉन्क्लिंग यांच्या पायाशी वाहिली. न्यूयॉर्कमधल्या रिपब्लिकन पक्षात कॉन्क्लिंग यांच्या शब्दाबाहेर पान हलत नसे. १८७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी आर्थर यांना न्यूयॉर्क बंदराचं कलेक्टर नेमलं.

हे कलेक्टरपद आपल्या जिल्हाधिकाऱ्याचं नव्हे, जकातीचं. सरकारच्या तिजोरीत सर्वांत मोठी भर आयात मालावरच्या जकातीची असे आणि त्यातला मोठा भाग एकट्या न्यूयॉर्क बंदरावर गोळा होई. कस्टम्स हाऊसमध्ये हजाराच्या आसपास नोकऱ्या. त्या पक्षाच्या कार्यकर्त्यांना वाटायच्या, आणि निवडणूक आली की त्याच लोकांच्या पगारातून पक्षासाठी ठराविक टक्का कापून घ्यायचा, असा शिरस्ता. नाही म्हणणाऱ्याची नोकरी किती दिवस टिकेल, हे सांगावं लागत नसे. शिवाय व्यापाऱ्याने मालाची किंमत कमी दाखवली की जो दंड बसे, त्यात कलेक्टरचा हिस्सा. त्यामुळे आर्थर यांची वर्षाची मिळकत ५० हजार डॉलरच्या घरात गेली, म्हणजे थेट राष्ट्राध्यक्षाच्या पगाराच्या तोडीला. १८७४ मध्ये कायद्याने हा हिस्सा बंद केला. स्वतः आर्थर यांनी लाच खाल्ल्याचं कुणी दाखवू शकलं नाही. पण ते दुपारी एकच्या सुमाराला कार्यालयात उगवत आणि रात्री उशिरापर्यंत पक्षाच्या मंडळींबरोबर जेवण, सिगार आणि गप्पा चालत.

पुढचे अध्यक्ष रदरफर्ड हेज यांनी या कारभाराची चौकशी लावली. आर्थर यांनी निमूट राजीनामा द्यावा म्हणून पॅरिसच्या वाणिज्य दूताची जागा पुढे केली गेली. त्यांनी ती नाकारली आणि १८७८ मध्ये हेज यांनी त्यांना काढून टाकलं. पॅरिसची ही जागा लक्षात ठेवा.

१८८० च्या जानेवारीत आर्थर यांची पत्नी एलन न्यूमोनियाने गेली. ती आजारी पडली तेव्हा ते राजकारणाच्या कामाने राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीला होते. त्याच वर्षी जूनमध्ये पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात गारफिल्ड यांना उमेदवारी मिळाली आणि कॉन्क्लिंग यांच्या गटाची समजूत काढायला उपाध्यक्षपदाची उमेदवारी न्यूयॉर्कच्या आर्थर यांच्याकडे आली. कॉन्क्लिंग म्हणाले, भट्टीतून काढलेला लालबुंद नाल टाकावा तसं हे टाकून दे. आर्थर यांनी पहिल्यांदाच त्यांचा शब्द मोडला. एवढा मान आपल्याला मिळेल असं स्वप्नातही नव्हतं, असं ते म्हणाले. तरी पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या कलेक्टरपदावर कुणाला नेमायचं यावरून कॉन्क्लिंग आणि गारफिल्ड यांची जुंपली, तेव्हा उपाध्यक्ष महाशय आपल्याच राष्ट्राध्यक्षाविरुद्ध कॉन्क्लिंग यांच्यासाठी खेटे घालत होते.

२ जुलै १८८१ ला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर चार्ल्स गिटो नावाच्या माणसाने गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. प्रचारात आपण मोठी कामगिरी केली, तेव्हा आपल्याला नोकरी मिळालीच पाहिजे, अशी त्याची समजूत होती. हवी होती पॅरिसच्या वाणिज्य दूताचीच जागा. पकडला गेल्यावर त्याने आपण कॉन्क्लिंग यांच्या गटाचे आहोत आणि आता आर्थर अध्यक्ष होणार, असं जाहीर केलं. ही घोषणा आर्थर यांना किती जड गेली असेल!

गारफिल्ड पुढचे अकरा आठवडे मृत्यूशी झुंजत होते. त्या दिवसांत आर्थर यांना एक पत्र आलं. लिहिणारी ज्युलिया सँड, न्यूयॉर्कमध्ये राहणारी, तिशी ओलांडलेली, सतत आजारी असणारी अविवाहित बाई. ओळखदेख काही नाही. तिने आडपडदा न ठेवता लिहिलं होतं की लोक शोक करताहेत तो गारफिल्ड मरताहेत म्हणून तेवढा नव्हे, तुम्ही त्यांच्या जागी येणार म्हणून. पण तुमच्यात चांगुलपणाची एखादी ठिणगी असेल तर ती दाखवायची वेळ हीच आहे, राजीनामा देऊ नका, त्याहून अवघड काम करा, सुधारणा करा. ती पुढेही लिहीत राहिली. आर्थर यांनी तिला उत्तर पाठवल्याचं दिसत नाही. पण २० ऑगस्ट १८८२ च्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांची बग्गी तिच्या दारात येऊन थांबली. ते तासभर बसले आणि निघून गेले.

या पत्रांनी आर्थर बदलले, असं म्हणायचा मोह होतो. मला ते अर्धंच पटतं. १८८२ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने प्रतिनिधिगृह गमावलं. वशिलेबाजीवर लोक चिडले आहेत हे दिसलं, आणि उद्या डेमोक्रॅट सत्तेवर आले तर आपली माणसं नोकरीत टिकावीत म्हणूनही रिपब्लिकनांना कायदा हवासा वाटू लागला. १६ जानेवारी १८८३ ला आर्थर यांनी पेंडल्टन कायद्यावर सही केली. ठरावीक नोकऱ्या स्पर्धापरीक्षेने, आणि कर्मचाऱ्यांकडून पक्षासाठी सक्तीची वर्गणी बंद. सुरुवातीला केंद्राच्या जेमतेम दहा टक्के नोकऱ्या त्याखाली आल्या. ज्यांच्या नावाचा हा कायदा, ते सिनेटर पेंडल्टन डेमोक्रॅट होते. त्यांच्याच पक्षाने पुढे त्यांना तिकीट दिलं नाही.

परीक्षेची ही कल्पना आली कुठून, याचा धागा भारतापर्यंत येतो. कायद्याचा मसुदा करणारे डॉर्मन ईटन हे ब्रिटनमधली नोकरभरती पाहून आले होते. ब्रिटिशांनी हा प्रयोग आधी केला होता भारतासाठी. ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक आपल्या भाच्या-पुतण्यांना इकडे पाठवत, ती पद्धत मोडून १८५५ मध्ये लंडनला खुली परीक्षा सुरू झाली. मेकॉले यांच्या समितीने ती सुचवली होती. खुद्द ब्रिटनमधल्या नोकऱ्यांसाठी तसाच अहवाल देणाऱ्यांत चार्ल्स ट्रेव्हेल्यन होते, भारतात नोकरी केलेले आणि मेकॉलेंच्या बहिणीचे यजमान. वशिल्याविरुद्धचं काम मेहुण्या-मेहुण्यांनी केलं, ही गंमत आहेच. ती लंडनची परीक्षा उत्तीर्ण झालेले पहिले भारतीय सत्येंद्रनाथ टागोर यांची नेमणूक झाली मुंबई इलाख्यात. अमेरिकनांनी मात्र विद्वत्तेचा भाग छाटला. परीक्षा कामाशी संबंधित, व्यवहारी असावी, असं त्यांच्या कायद्यातच आहे. नोकरभरतीसाठी या कायद्याने नेमलेल्या नव्या आयोगाचे पहिले अध्यक्ष म्हणून आर्थर यांनी ईटन यांनाच नेमलं.

आर्थर यांची सगळीच बाजू उजळ नाही. चिनी मजुरांना २० वर्षं बंदी घालणारं विधेयक त्यांनी परत पाठवलं, पण १० वर्षांच्या बंदीवर १८८२ च्या मे महिन्यात सही केली. नदी-बंदरांच्या कामांवरची उधळपट्टी त्यांनी नकाराधिकाराने अडवली, ती काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, तशीच रेटली. व्हाइट हाऊसमधलं जुनं सामान गाड्या भरभरून विकून त्यांनी सजावटकार लुई टिफनी यांच्याकडून सजावट करून घेतली. शौक सुटले नव्हते.

आणि या सगळ्या काळात त्यांचं मूत्रपिंड निकामी होत चाललं होतं. १८८२ मध्येच निदान झालं, पण बाहेर कुणाला कळू दिलं नाही. १८८४ ला पक्षाने अध्यक्षपदाची उमेदवारी त्यांच्याऐवजी जेम्स ब्लेन यांना दिली. १८ नोव्हेंबर १८८६ ला, वयाच्या ५७ व्या वर्षी, आर्थर गेले. त्याआधी त्यांनी आपली जवळपास सगळी कागदपत्रं जाळून टाकायला सांगितली होती. ज्युलिया सँडची २३ पत्रं मात्र वाचली. ती त्यांच्या नातवाकडे १९५८ मध्ये सापडली.