सब्जंक्टिव्ह मूड (इंग्रजी व्याकरण)

सब्जंक्टिव्ह मूड हा इंग्रजी क्रियापदाचा एक ‘अर्थ’ (म्हणजे बोलणाऱ्याचा हेतू दाखवणारे रूप) आहे. जे घडले त्याऐवजी जे घडावे, घडो किंवा घडले असते, ते सांगण्यासाठी तो वापरतात. मराठी व्याकरणातील स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ या चौकटीत तो एका जागी बसत नाही. त्याची कामे मराठीत विध्यर्थ, संकेतार्थ आणि आज्ञार्थाचे ‘-ओ’ रूप यांच्यात वाटलेली आहेत. म्हणून मराठी माणसाला यातली कल्पना परकी नसते, अडते ते रूपापाशी. ‘जावे’, ‘जावो’, ‘गेला असता’ ही रूपे कानाला लगेच वेगळी लागतात. इंग्रजीतली बहुतेक वेळा ओळखूच येत नाहीत.

जुन्या इंग्रजीत या अर्थाला स्वतंत्र प्रत्यय होते. मध्ययुगात शब्दांच्या अखेरचे स्वर झिजले, तसे ते प्रत्ययही गेले. आज उरले आहे ते दोन ठिकाणी: क्रियापदाचे मूळ रूप आणि ‘टू बी’चे ‘वेअर’ हे रूप.

विध्यर्थाच्या जागी

सातारा-सांगलीकडच्या शाळेत पाचवी-सहावीपासून पक्का बसवलेला नियम म्हणजे ‘ही, शी, इट आले की क्रियापदाला एस लावायचा’. तो इथे मोडतो. ‘ही गोज’ बरोबर, पण ‘आय सजेस्ट दॅट ही गो’. मागणी, सूचना, आग्रह, शिफारस सांगणाऱ्या शब्दांनंतरच्या ‘दॅट’च्या वाक्यात क्रियापद पहिल्या, म्हणजे मूळ रूपात येते. डिमांड, इन्सिस्ट, सजेस्ट, रेकमेंड, प्रपोज, रिक्वेस्ट, ऑर्डर ही अशी क्रियापदे. ‘इट इज एसेन्शियल दॅट’, ‘इट इज नेसेसरी दॅट’ यांनंतरही तेच.

याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे रजेचा अर्ज. ‘मला दोन दिवसांची रजा मंजूर व्हावी, ही विनंती’ याचे इंग्रजी होते ‘आय रिक्वेस्ट दॅट आय बी ग्रँटेड टू डेज लीव्ह’. विकास सोसायटीच्या सभेत ‘वार्षिक हिशेब मंजूर करण्यात यावेत’ असा ठराव होतो. इंग्रजी इतिवृत्तात तो ‘रिझॉल्व्ह्ड दॅट द ॲन्युअल अकाउंट्स बी अप्रूव्ह्ड’ असा उतरतो. दोन्हीकडे ‘-आवा, -आवी, -आवे’च्या जागी मूळ रूप आले आहे, आणि कर्मणी वाक्य असल्यामुळे ‘बी’ व त्यापुढे तिसरे रूप. ‘बी’ फक्त कर्मणीत, ‘असणे’ या अर्थी किंवा ‘-इंग’ रूपाआधी येतो. ‘दॅट ही बी गो’ असे लिहिणे चूक आहे.

हा अर्थ चार ठिकाणीच उघड दिसतो: कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असताना, ‘बी’ असताना, ‘दॅट’आधीचे मुख्य क्रियापद भूतकाळी असताना आणि नकारात. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला ऑक्टोबर छाटणीपर्यंत थांबण्याचा सल्ला मिळाला, तर ‘ही रेकमेंडेड दॅट द ग्रोअर वेट टिल ऑक्टोबर’. ‘वेटेड’ नाही, ‘वेट्स’ नाही. मराठीतही ‘त्याने थांबावे असे सुचवले’ म्हणताना ‘थांबावे’ला काळ लागत नाही, हे लक्षात ठेवले की घोळ होत नाही. नकारात ‘डझन्ट’, ‘डिडन्ट’ येत नाही, नुसता ‘नॉट’ क्रियापदाआधी बसतो: ‘दॅट द ग्रोअर नॉट वेट’. कर्ता ‘द ग्रोअर्स’ केला की ‘वेट’ हेच साधे वर्तमानकाळी रूपही असते, त्यामुळे शंका आली तर वाक्य ‘ही’ घालून तपासावे.

सर्वांत जास्त होणारी चूक ‘आय सजेस्टेड हिम टू गो’ ही आहे. ‘त्याला जायला सांगितले’ याचे ‘टोल्ड हिम टू गो’ बरोबर असते, आणि तोच साचा सजेस्टला लावला जातो. सजेस्टला तो चालत नाही. ‘सजेस्टेड दॅट ही गो’ म्हणावे लागते. ब्रिटिश वळणाने ‘दॅट ही शुड गो’ म्हटले तरी चालते, आणि आपल्याकडच्या विद्यार्थ्याला ते जास्त सोपे जाते. अमेरिकन इंग्रजीत मात्र मूळ रूपच रूढ आहे.

‘-आवा’ दिसला की मूळ रूप, हा आडाखा आंधळेपणाने वापरू नये. ‘तो एव्हाना कराडला पोचला असावा’ हा तर्क आहे. इंग्रजीत तिथे ‘मस्ट हॅव रीच्ड’ येते. ‘मुलांनी लवकर उठावे’ हे स्वतंत्र वाक्य आहे, तिथे ‘शुड’. आडाखा लागू पडतो तो ‘-आवा’चे वाक्य एखाद्या मागणीवर किंवा सूचनेवर टेकलेले असेल तेव्हाच. इन्सिस्टच्या बाबतीत तर अर्थच पालटतो. सांगलीच्या हळद सौद्यात व्यापारी ‘इन्सिस्टेड दॅट द टर्मरिक वॉज ड्राय’ म्हणजे माल वाळलेला आहे असे तो ठासून सांगत होता. ‘इन्सिस्टेड दॅट द टर्मरिक बी ड्राय’ म्हणजे माल वाळलेलाच हवा असा त्याचा आग्रह होता. एका शब्दाने विकणारा आणि घेणारा बदलतो.

‘-ओ’ रूपाच्या जागी

‘-ओ’चे काम करणारी इंग्रजी वाक्ये ठेवणीतली आहेत, नवी बनवता येत नाहीत. ‘गॉड ब्लेस यू’ म्हणजे देव तुझे भले करो. ‘लाँग लिव्ह’ म्हणजे चिरायू होवो. ‘कम व्हॉट मे’ म्हणजे काहीही होवो. ‘बी दॅट ॲज इट मे’ला मराठीत एकच शब्द पुरतो: असो.

संकेतार्थाच्या जागी

‘मी तुझ्या जागी असतो तर’ हे इंग्रजीत ‘इफ आय वेअर यू’ होते. भूतकाळाचे रूप वापरले असले तरी गोष्ट आत्ताची आहे. रूप मागे सरकवून ती खरी नाही हे दाखवले जाते. इतर सर्व क्रियापदांत हे दुसरे रूप साध्या भूतकाळासारखेच असते (‘इफ आय न्यू’, ‘इफ ही हॅड’). फक्त ‘टू बी’मध्ये वॉज आणि वेअर ही दोन रूपे टिकल्यामुळे ‘आय वेअर’, ‘ही वेअर’ असा फरक उरला. ‘आय विश’नंतरही हेच रूप येते, ‘होप’नंतर येत नाही.

मराठीभाषकाची खास चूक इथे घडते, आणि तिचे मूळ मराठीतच आहे. ‘पाऊस पडला असता तर पेरणी झाली असती’ या वाक्याच्या दोन्ही अंगांना ‘असता-असती’ आहे. तोच तोल इंग्रजीत आणला की ‘इफ इट वुड हॅव रेन्ड’ तयार होते. प्रमाण इंग्रजीत दोन अंगांची रूपे वेगळी असतात: ‘इफ’कडे ‘हॅड रेन्ड’, आणि ‘वुड हॅव’ फक्त परिणामाकडे. आत्ताच्या गोष्टीतही तसेच: ‘इफ द रेट वेअर हायर, ही वुड सेल टुडे’. ‘इफ’च्या अंगात ‘वुड’ दिसला की आधी तोच खोडून पाहावा. ‘इफ’ गाळून क्रियापद पुढेही आणता येते: ‘वेअर इट नॉट फॉर द कोयना’, म्हणजे कोयना नसती तर.

बोलण्यात ‘इफ आय वॉज यू’ सर्रास ऐकू येते आणि त्याला अशिक्षित म्हणणे योग्य नाही. अर्जात आणि परीक्षेत ‘वेअर’ लिहावे. उलट बाजूची चूकही होते. ‘काल मी उद्धट बोललो असेन तर माफ करा’ यात गोष्ट खरी असू शकते, म्हणून ‘इफ आय वॉज रूड यस्टरडे’ हेच बरोबर. तिथे शुद्धतेच्या आवडीने ‘वेअर’ घातला, तर माफी मागणारा आपण उद्धट नव्हतोच असे सुचवून बसतो.